लाळेऱ्याखालचा हात

इन्स्पेक्टरसाहेबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ही गोष्ट त्यांच्या अजून नीटशी लक्षात आली नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी माणसांना गाडी चालवायचे परवाने दिले. दिले म्हणजे काय, दिले थोडे आणि नाकारले भरपूर. परीक्षेच्या गाडीत पुढे उमेदवार, त्याच्या शेजारी ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर आणि मागच्या सीटवर साहेब. मांडीवर पॅड, पॅडवर फॉर्म, हातात लाल पेन. आरसा बघितला नाही, दोन गुण गेले. वळताना इंडिकेटर विसरला, तीन गुण गेले. पोटच्या पोराला त्यांनी चार वेळा नापास केलं. चौथ्या वेळी पोरगा जो सायकलवर बसला तो आजतागायत उतरलेला नाही, आणि घरची गाडी चालवते ती सून. तिने आपला परवाना दुसऱ्या ऑफिसातून, दुसऱ्या साहेबाकडून, पहिल्या फटक्यात काढला. त्या ऑफिसाचा विषय निघाला की साहेब पेपर तोंडासमोर धरतात.

त्यांची खरी ख्याती मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक क्लच, एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की सावरायला. परीक्षेत त्याला पाय लावायचा नाही असा नियम. पण मास्तर लोक कसले ऐकतात! वरून चेहरा असा की जणू खिडकीतून झाडं मोजतायत, आणि खाली पाय चाललेले. म्हणून साहेब उमेदवाराकडे फारसं बघायचेच नाहीत. ते मास्तरच्या गुडघ्याकडे बघायचे. गुडघा तसूभर हलला की मागून आवाज यायचा, "गाडी बाजूला घ्या. गाडी मास्तर चालवतायत. मास्तरांकडे परवाना आहे. तुम्ही नापास." असे तेवीस मास्तर त्यांनी पकडले होते, आणि तेवीसच्या तेवीस गोष्टी घरातल्यांना पाठ होत्या.

असा हा माणूस. आणि त्याच्या नातीवर परीक्षेची वेळ आली ती नवव्या महिन्यात.

नातीला सगळे ढब्बी म्हणायचे. कागदोपत्री नाव निराळं होतं, पण बाई जन्माला आल्या त्याच साडेचार किलोच्या, त्यामुळे ते नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही. त्या आकारमानापायीच सगळा घोटाळा झाला. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडला. डॉक्टरांनी शर्थ करून दोघींना वाचवलं, पण त्या ओढाताणीत मानेतून उजव्या हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. बाळाने टाहो फोडला, डावा हात रागारागाने हवेत नाचवला आणि उजवा नुसता शेजारी पडून राहिला. बोटं तेवढी पहिल्या दिवसापासून हलत होती. साहेबांनी त्या मुठीत आपलं बोट दिलं तेव्हा तिने ते असं काही आवळलं की साहेब जागच्या जागी विरघळले. जे एकतीस वर्षांत कुणा उमेदवाराला जमलं नव्हतं, ते हिने पावणेदोन तासांत करून दाखवलं.

दर तीन महिन्यांनी ढब्बीला दवाखान्यात न्यायचं असे. तिथली थेरपिस्ट बाई बुटकी, पायात कापडी बूट, बसायची ती कायम जमिनीवर. खोलीत निळी गादी, भिंतभर आरसा, एका खोक्यात खुळखुळे आणि दोरीला बांधलेली एक प्लास्टिकची पट्टी, सांधा किती अंशात वाकतो ते मोजायची. बाई घाई कधी करत नसे. खुळखुळा धरायची आणि बसायची. मूल हात उचलेपर्यंत, किंवा झोपेपर्यंत. प्रत्येक हालचालीला ती एक आकडा द्यायची आणि फॉर्मवर लिहायची. फॉर्म बघून साहेबांना बरं वाटायचं. आपलं माणूस भेटल्यासारखं.

सहाव्या महिन्यात खांदा थोडा जागा झाला होता, मनगट छान होतं. कोपर मात्र ढिम्म. त्या दिवशी बाईने सुनेला आणि आजींना समोर बसवून पुढचं सगळं सविस्तर सांगितलं. साहेब तेव्हा खोलीत नव्हते. कुणीतरी दोन गाड्यांच्या जागेत एक गाडी तिरपी लावली होती, आणि साहेब खाली जाऊन त्या गृहस्थाला पार्किंग शिकवत होते. ते परत आले तेव्हा बाई शेवटचं वाक्य बोलत होती. "तर नऊ महिने झाले की बिस्किटाची परीक्षा. दंड अंगाशी धरून ठेवायचा, उजव्या हातात छोटं बिस्किट द्यायचं. कोपर वाकवून ते तोंडात गेलं तर ऑपरेशन नको. नाही गेलं, किंवा हिने हात वर न आणता मानच खाली घातली, तर ऑपरेशन."

परीक्षा हा शब्द ऐकला आणि साहेबांच्या अंगात वारं शिरलं.

"ऑपरेशन केवढं?" त्यांनी विचारलं.

"सहा-सात तास," बाई म्हणाली.

साहेब खुर्चीत बसले ते उठेनात. नऊ महिन्यांचं लेकरू, आणि सहा-सात तास बेशुद्ध!  घरी जाताना सुनेने सिग्नलला अंमळ उशिरा ब्रेक मारला, तरी मागच्या सीटवरून चकार शब्द आला नाही. सुनेने दोनदा आरशात बघून घेतलं, सासरे आहेत ना म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून घरात क्लास सुरू झाला. रोज सकाळी दहाला, साहेबांच्या आरामखुर्चीत. साहित्य: ढब्बी एक, बिस्किटं सहा, लाळेरं एक. साहेबांच्या मते उमेदवार हुशार होता पण शिस्त शून्य. पहिल्या दिवशी तिने उजव्या हातातलं बिस्किट डाव्या हातात घेऊन मटकावलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी डावा हात धरून ठेवला, तर तिने मान खाली घालून बिस्किट गाठलं. तिसऱ्या दिवशी मानही धरली, तेव्हा तिने असा भोंगा लावला की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली.

"अहो, पोर आहे ती, ट्रक नाही," आजी म्हणाल्या.

"तू मध्ये पडू नकोस. सरावाने सगळं येतं."

सरावाने काही येत नव्हतं. दीड महिना झाला. कोपर वाकायचं, नाही असं नाही, पण दोन बोटं वर उठून थरथरायचं आणि पुन्हा खाली. घरातली बिस्किटं संपत होती आणि ढब्बीचं वजन वाढत होतं. आणि मग एका सकाळी गंमत झाली. ढब्बी साहेबांच्या मांडीवर, पाठ त्यांच्या पोटाला टेकून. साहेबांचा उजवा हात तिला सावरायला लाळेऱ्याखाली. बिस्किट दोन बोटं वर आलं, थरथरलं, आणि साहेबांच्या तर्जनीने, त्यांना न विचारता म्हणा हवं तर, तिच्या मनगटाला खालून हळूच टेकू दिला. बिस्किट थेट तोंडात! ढब्बी खदाखदा हसली. आणि नेमक्या त्याच वेळी आजी समोरून चहा घेऊन आल्या. समोरून काय दिसणार? लाळेरं दिसणार.

"अगं बाई! केलं! केलं पोरीने!" आजींनी चहा तिथेच टेकवला आणि फोन हातात घेतला.

साहेब सांगणारच होते. शप्पथ सांगणार होते. पण तोवर आजींनी आपल्या दोन्ही बहिणींना कळवलं होतं, तिसऱ्या फोनवर मुलगा होता आणि तो कारखान्याच्या गेटवर उभा राहून रडत होता. आता अशा वेळी मध्येच म्हणायचं तरी काय, की थांबा जरा, ते माझं बोट होतं? साहेब मूग गिळून बसले. संध्याकाळी पुन्हा करून दाखवायचा आग्रह झाला. त्यांनी करून दाखवलं.

एकटी सून खूश होऊनही कोड्यात पडली होती. "माझ्या मांडीवर नाही करत, बाबा," ती दोन-तीनदा म्हणाली.

"तुझी पकड चुकते," साहेब म्हणाले, आणि पेपर तोंडासमोर धरला.

रात्री अंथरुणावर पडलं की ते स्वतःची समजूत घालायचे. आपण पोरीचं वाईट थोडंच करतोय? आज पास होऊ दे. कोपर आज ना उद्या येईल, पोर वाढतेय. आणि नाहीच आलं, तर वर्षा-दोन वर्षांनी करू की ऑपरेशन, थोडी मोठी झाल्यावर, अंगात थोडी ताकद आल्यावर. परवान्याचं नव्हतं का तसंच? आज नाही तर पुढच्या तारखेला. हे सगळं त्यांना अगदी पटायचं, आणि तरी झोप काही यायची नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि घरातलं सगळ्यात मोठं लाळेरं घडी करून खिशात टाकलं.

बाई नेहमीसारखी गादीवर बसली होती. तिने आधी खांदा, मनगट, बोटं बघितली, आकडे लिहिले. मग डबा उघडला, तर डबा रिकामा. "अरेच्चा, पुन्हा कुणीतरी माझी परीक्षा खाल्ली," ती म्हणाली आणि शेजारच्या खोलीतून एक बिस्किट मागून आणलं. त्याचा अर्धा तुकडा केला. "कुणाच्या मांडीवर बसवू या?"

"माझ्या," साहेब म्हणाले. जरा जोरातच म्हणाले.

ढब्बी मांडीवर बसली. लाळेरं बांधलं गेलं. साहेबांचा उजवा हात पोट सावरायला खाली गेला. बाईने समोरून ढब्बीचा दंड अंगाशी धरला, मुठीत तुकडा दिला आणि ती वाट बघत बसली. तुकडा दोन बोटं वर आला. थरथरला. आणि मग सावकाश, झोकात, तोंडापर्यंत गेला.

"अय्या!" बाईच्या तोंडून निघून गेलं. "पुन्हा एकदा."

पुन्हा एकदा झालं. साहेबांचा चेहरा असा, की जणू खिडकीतून झाडं मोजतायत.

बाईने कपाळाला आठी घातली, पट्टी उचलली, खाली ठेवली. "मागच्या वेळी एवढं काहीच नव्हतं. पण कधीकधी येतं असं, शेवटच्या महिन्यात एकदम येतं." आणि ती हसली. दमलेल्या माणसाला बरी बातमी मिळाल्यावर तो हसतो तसं. तिने फॉर्मवर आकडा लिहिला. आजी रडायला लागल्या. सुनेने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

"मग ऑपरेशन रद्द," बाई म्हणाली. "मी सर्जनना कळवते. आता सहा महिन्यांनी या. मी तुम्हाला खरं सांगू, मला फार धाकधूक होती. कारण आजचा दिवस शेवटचाच होता."

"शेवटचा म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"तेव्हा नव्हतात का तुम्ही? नसा जोडायच्या तर आता, या एक-दोन महिन्यांतच. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. ती वाढत वाढत दंडापर्यंत पोचायची, तोवर तिथला स्नायू तिची वाट बघत जिवंत राहायला हवा. तो फार थांबत नाही हो. उशीर केला तर नस पोचते आणि तिथे घ्यायला कुणी नसतं. म्हणून ही परीक्षा नऊ महिन्यांनाच. पुढची तारीख मिळत नाही."

पुढची तारीख मिळत नाही. साहेबांच्या कानात ते वाक्य घणघणत राहिलं. खोलीत सगळे हसत होते. आजी बाईचे हात हातात घेऊन तिचे आभार मानत होत्या, सून नवऱ्याला फोन लावत होती आणि ढब्बी बिस्किटाचा चिखल लाळेऱ्याला पुसत होती. साहेबांचा हात अजून लाळेऱ्याखालीच होता. तो बाहेर काढायचा त्यांना धीर होईना. एक मिनिट गप्प बसलं, तर सगळे हसत हसत घरी जातील. कुणाला काही कळणार नाही. आणि हिचा हात जन्मभर दोन बोटं वर येऊन थरथरत राहील.

बाई फॉर्मवर सही करायला वाकली.

"थांबा," साहेब म्हणाले.

आवाज तोच होता, मागच्या सीटवरचा. सगळे थांबले.

"सही करू नका. गाडी हिने चालवली नाही."

बाईला काही कळलं नाही. "कुठली गाडी?"

साहेबांनी लाळेऱ्याखालून हात बाहेर काढला. तर्जनी पुढे केली. बोटाला बिस्किटाचा चुरा लागला होता. "गाडी मी चालवत होतो. पोरगी नुसती बसली होती."

 आजींना सगळ्यात आधी उमगलं, एकेचाळीस वर्षांचा संसार होता तो. "अहो," त्या म्हणाल्या, "अहो, म्हणजे घरीसुद्धा?"

"घरीसुद्धा."

"आणि मी दोन्ही बहिणींना सांगितलं!"

 फोनवर मुलगा "हॅलो, हॅलो, काय झालं?" असं ओरडत होता, तो फोन सुनेने बंद केला.

बाईने साहेबांकडे पाहिलं. रागावेल असं वाटलं, पण रागवायला तिला वेळ नव्हता. तिने ढब्बीला उचलून सुनेच्या मांडीवर दिलं, लाळेरं सोडलं, फॉर्मवरचा आकडा खोडला आणि उरलेला अर्धा तुकडा हातात घेतला. "आजोबा, तुम्ही समोरच्या स्टुलावर बसा. हात दिसतील असे ठेवा."

साहेब बसले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही हात सरळ डोक्यावर ठेवले. पोलिसांनी पकडलेल्या माणसासारखे.

ढब्बीच्या मुठीत तुकडा आला. दंड अंगाशी. कोपर दोन बोटं वर उठलं आणि थरथरायला लागलं. ढब्बीने तोंड उघडलं. मग तिने मान वळवून समोरच्या स्टुलाकडे पाहिलं. आजोबांकडे. आता पुढचं तुम्ही करा ना, रोज करता ना, अशी निवांत बघत राहिली, तोंड उघडं ठेवून. साहेबांची बोटं डोक्यावर वळवळली. उठून तो हात उचलावा असं त्यांना आतून इतकं वाटलं की त्यांनी स्वतःचेच केस मुठीत गच्च धरले. ढब्बी वाट बघत होती. सगळेच वाट बघत होते. शेवटी तुकडा खाली पडला आणि ढब्बीने भोंगा लावला.

"नापास," साहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी हजारो वेळा उच्चारला असेल. आज पहिल्यांदाच तो म्हणताना त्यांनी मान खाली घातली.

"इथे नापास कुणी होत नसतं," बाई म्हणाली. तिने नवा आकडा लिहिला आणि त्याखाली सही केली. "इथे फक्त कळतं. मी सर्जनना आत्ताच फोन करते." मग दारापर्यंत जाऊन ती थांबली. "सहा महिन्यांनी मला हे कळलंच असतं. पण सहा महिने गेले असते, आजोबा. तुमच्या बोटामुळे चुकलं असतं आणि तुमच्या तोंडामुळे वाचलं. पुढच्या वेळी बोट घरी ठेवून या."

सगळे खाली पार्किंगमध्ये आले. साहेब सवयीने मागचं दार उघडायला गेले.

"बाबा, पुढे बसा," सून म्हणाली.

आजी मागे बसल्या, ढब्बीला घेऊन. साहेब पुढे बसले. एकतीस वर्षांत आणि नंतरच्या सहा वर्षांत ते कुणाच्या शेजारी असे बसले नव्हते. समोर काच, काचेत सगळा रस्ता अंगावर येणारा. फाटकातून बाहेर पडताना सून म्हणाली, "मी तुमच्यावर फार चिडलेय. आठवडाभर चिडलेली राहीन."

"रहा."

"आणि आत्ता मी आरसा बघितला नाही. दोन गुण गेले ना?"

साहेबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "बघितलास," ते म्हणाले. "मी पाहिलं."

ऑपरेशनला सहा तास चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात साहेबांनी कुणाला काही शिकवलं नाही. खाली एक गाडी दोन जागांत तिरपी उभी होती. ती त्यांना वरच्या खिडकीतून दिसत होती आणि त्यांना तिचं काहीही वाटलं नाही. डॉक्टरांनी पायातली एक नस काढून मानेत जोडली म्हणे. ढब्बी शुद्धीवर आली ती भुकेने बोंबलतच, आणि आजी त्या आवाजासरशी परीक्षेनंतरच्या सात आठवड्यांत पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या. "उठा," एवढंच म्हणाल्या, "बिस्किट आणा."

मग सुरू झालं ते मिलिमीटरचं राज्य. साहेबांनी एक फूटपट्टी आरामखुर्चीजवळ ठेवली. रोज सकाळी दहाला ते तिच्यावर एक रेघ पुढे सरकायचे. महिना झाला, तीन सेंटिमीटर. चार महिने झाले, बारा. हात काही हलत नव्हता. "नस दंडात आली असेल आता," ते म्हणायचे. "अजून वळणावर असेल," आजी म्हणायच्या. ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात एके दिवशी ढब्बीने उजव्या हाताने बिस्किट तोंडात घातलं, कुणी बघत नाही असं समजून, स्वयंपाकघराच्या दारात. चोरलेलं होतं. आजींनी ते पाहिलं आणि या वेळी कुणालाच फोन केला नाही. आधी जाऊन साहेबांचे हात कुठे आहेत ते बघून आल्या. हात पेपरावर होते.

ढब्बी अडीच वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. आता परीक्षा मोठ्या मुलांची होती. हात तोंडाला, हात बाजूला वर, हात पाठीमागे, आणि सगळ्यात अवघड म्हणजे हात मानेमागे. त्या खोलीत साहेबांसाठी एक खास नियम त्या बिस्किटाच्या दिवसापासून पडून गेला होता: स्टुलावर बसायचं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. बाईने तो गमतीत घातला होता, साहेबांनी तो कायदा म्हणून पाळला होता.

त्या दिवशी ढब्बीचं बिनसलं होतं. हात तोंडाला नेला, तोही उपकार केल्यासारखा. बाजूला वर कर म्हटलं, तर म्हणे "नाही." बाईने आपला हात मानेमागे नेऊन दाखवला. "नाही." आईने दाखवला. "नाही." भिंतीवर चिकटवलेला तारा दाखवला, साबणाचे फुगे सोडले. नाही, नाही आणि नाही. बाई खुळखुळा खाली ठेवून वाट बघत बसली. घड्याळाचे काटे पुढे गेले. साहेबांच्या खांद्यांना रग लागली, पण हात खाली आले नाहीत.

ढब्बी कंटाळून खोलीत नजर फिरवायला लागली. आरसा. खोकं. आणि स्टुलावर आजोबा, डोक्यावर हात, कोपरं दोन्हीकडे बाहेर आलेली. ती हसायला लागली. "आजोबा असे!" ती म्हणाली, आणि डावा हात डोक्यावर ठेवला. मग उजवा निघाला. तो जरा आडवळणाने निघाला, कोपर पुढे काढत, खांदा उचलत. गालाशी पोचला. कानाशी पोचला. तिथे थांबला आणि थरथरला.

"कुणी हलू नका," बाई पुटपुटली.

कुणी हललं नाही. हात कानावरून वर चढला, केसांत शिरला आणि मागे मानेवर जाऊन बसला. ढब्बी आजोबांसारखी दोन्ही कोपरं बाहेर काढून उभी राहिली, आणि आरशातही तशीच दुसरी ढब्बी उभी.

"किती?" साहेबांनी विचारलं. 

"पाचपैकी चार," बाई म्हणाली. तिने आकडा लिहायला दोनदा पेन झटकलं. "आणि गाडी तिनेच चालवली."

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकावरून ओघळलं, मिशीत उतरलं. ते पुसायला त्यांना हात नव्हता. नियम होता.

आजी उठल्या. पर्समधून ते जुनं मोठं लाळेरं काढलं, कशाला जपून ठेवलं होतं देव जाणे, आणि नवऱ्याचं तोंड खसखसून पुसलं. "ठेवा आता हात खाली," त्या म्हणाल्या. "पोरीला तुमचा टेकू नकोय."

साहेबांनी हात खाली घेतले नाहीत. समोर ढब्बी अजून तशीच उभी होती, आणि ती आधी खाली घेईल म्हणून ते वाट बघत बसले.